वयाचा पुरावा

१८५४ साली मुंबईत दोन संस्था निघाल्या. जुलैमध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी ‘बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी’ काढली. ताडदेवची तिची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली आणि मुंबईच्या गिरणगावाचा पाया घातला गेला. त्याच १८५४च्या ऑक्टोबरात ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी स्वतः फोटो काढत. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे छायाचित्रकार त्या वर्गातून तयार झाले.

म्हणजे गिरणी आणि कॅमेरा या शहरात एकाच वयाचे. तरीही पुढची तीस-चाळीस वर्षे दोघांची गाठ पडली ती बहुधा गिरणीच्या फाटकाबाहेरच. कॅमेऱ्याने देवळे टिपली, लेणी टिपली, राजेरजवाडे टिपले. विल्यम जॉन्सनने मुंबईतल्या निरनिराळ्या जातीजमातींचे, त्यांच्या पोशाखांचे फोटो काढून १८६०च्या दशकात त्यांचे ग्रंथ काढले. सरकारने ‘पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड छापले. १८९६-९७ मध्ये प्लेग आला, तेव्हा इस्पितळे, तपासणी पथके आणि चुना फासलेल्या चाळी यांचेही आल्बम तयार झाले. दुःखाचे फोटो काढू नयेत असा संकोच त्या काळाला नव्हता. मग कातण्याच्या यंत्रापाशी उभे असलेले सात-आठ वर्षांचे पोर कॅमेऱ्यापुढे का आले नाही?

एक कारण तांत्रिक होते. सुरुवातीच्या ओल्या काचपट्टीला भरपूर उजेड लागे आणि समोरच्याला काही सेकंद स्तब्ध राहावे लागे. गिरणीत उजेड कमी, जमीन हादरणारी आणि मुलाचा हात सतत हलता. १८८७ मध्ये जर्मनीत मॅग्नेशियमची झगझगाटी पूड निघाली आणि अंधाऱ्या खोलीतही फोटो काढता येऊ लागला. जेकब रीसने तिच्या बळावर न्यूयॉर्कच्या दरिद्री वस्त्या टिपून १८९० मध्ये त्यांचे पुस्तक काढले. पण कापसाची पिंज उडत असलेल्या खात्यात अशी पूड पेटवायला कोण परवानगी देईल? इथे दुसरे कारण येते. गिरणीच्या आत जायला मालकाची परवानगी लागे, आणि आतला फोटो निघाला तर तो मालकाला हवा तसाच निघे.

साक्षी, दात आणि दाखले

मुंबईच्या गिरण्यांतली मुले आपल्याला भेटतात ती चौकशी आयोगांच्या कागदांत. सुती गिरण्या वाढल्या तशी लँकेशायरच्या मालकांना स्पर्धेची धास्ती वाटू लागली. हिंदुस्थानातल्या कामगारांनाही कारखाने कायदा लावा, अशी मागणी मँचेस्टरहून झाली. त्या कळवळ्यात स्वार्थ किती आणि दया किती, यावर तेव्हाही वाद झाला. अनेक देशी वृत्तपत्रांनी कायद्याला विरोध केला. मात्र सोराबजी शापूरजी बंगाली यांच्यासारख्या मुंबईकराने स्वतः कायद्याचा मसुदा तयार केला होता, आणि त्यामागे मँचेस्टर नव्हते. १८७५ मध्ये पहिला आयोग नेमला गेला आणि लॉर्ड रिपनच्या कारकिर्दीत १८८१चा कारखाने कायदा झाला.

त्या कायद्यातल्या तरतुदी आज वाचल्या तरी थबकायला होते. सात वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवू नये. सात ते बारा वयाच्या मुलाकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये. त्याला तासभर विश्रांती आणि महिन्याला चार सुट्ट्या द्याव्यात. हा कायदा शंभर किंवा अधिक माणसांच्या कारखान्यांपुरताच होता. नऊ तास ही सवलत ठरावी, यावरून आधीची स्थिती समजते. विजेचे दिवे येण्यापूर्वी गिरणी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चाले, त्यामुळे उन्हाळ्यात दिवसाबरोबर कामही लांबे.

मुले कोणती कामे करत? कातणाऱ्या यंत्रावरचा तुटलेला धागा जोडणे, सांडलेली पिंज झाडणे आणि मुख्य म्हणजे बाबिनी बदलणे. एका यंत्रावरच्या सगळ्या बाबिनी साधारण एकाच वेळी भरतात. मग यंत्र थांबवायचे, भरलेल्या बाबिनी उपसायच्या, रिकाम्या चढवायच्या आणि यंत्र पुन्हा सुरू करायचे. यंत्र जितका वेळ बंद तितका तोटा, म्हणून थोड्या वेळासाठी पुष्कळ चपळ हात लागत. मोठ्या माणसापेक्षा मूल स्वस्त पडे, आणि यंत्रांमधल्या अरुंद वाटेत ते सहज वळे.

कायदा आला आणि त्याबरोबर एक प्रश्न आला, जो पुढची पन्नास वर्षे सुटला नाही: या मुलाचे वय किती? जन्मनोंद नाही, शाळेचा दाखला नाही. आई-बाप सांगतील ते वय, किंवा जॉबर, म्हणजे मजूर भरती करणारा मुकादम, सांगेल ते. इंग्लंडमध्ये हाच घोळ आधी झाला होता. तिथे उंचीवरून वय ठरवत, पण उपाशी मूल खुजे राहते आणि सुखवस्तू मूल लवकर वाढते. १८३७ मध्ये एडविन सॉन्डर्स या दंतवैद्याने सुमारे हजार मुलांची तपासणी करून पार्लमेंटपुढे मांडले की उंचीपेक्षा दात अधिक भरवशाचे. इकडे निरीक्षकाला शंका आली की वय ठरवण्याचे काम सरकारी डॉक्टरकडे जाई. पोराचा जन्म कधीचा, हे त्याला न विचारता त्याच्या अंगावर वाचायचे, अशी ही पद्धत होती.

१८८४ मध्ये दुसरा आयोग आला तेव्हा कामगारांच्या बाजूने बोलणारा माणूस उभा होता. नारायण मेघाजी लोखंडे सत्यशोधक होते, ‘दीनबंधू’ पत्राचे संपादक होते आणि गिरणीत नोकरी केलेले होते. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज आयोगापुढे ठेवला. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार वेळेवर आणि कामावर जखमी झालेल्याला पगार, अशा त्या मागण्या होत्या. १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली. १८९१च्या कायद्याने किमान वय सातावरून नवावर नेले आणि चौदापर्यंतच्या मुलांसाठी सात तासांची मर्यादा घातली. हे सारे घडले ते अर्ज, सभा, साक्षी आणि छापील शब्द यांच्या जोरावर. त्यात फोटोला जागा नव्हती.

एकोणीसशे आठ

आता अमेरिकेत जाऊ. लुईस हाइन हा न्यूयॉर्कच्या एथिकल कल्चर स्कूलमधला शिक्षक. १९०४ मध्ये स्थापन झालेल्या ‘नॅशनल चाइल्ड लेबर कमिटी’ने १९०८ मध्ये त्याला छायाचित्रकार म्हणून नेमले. त्या वर्षाच्या अखेरीस तो कॅरोलायना राज्यांतल्या सूतगिरण्यांत फिरत होता. आत जाण्यासाठी कधी तो विमा किंवा आगीची तपासणी करणारा झाला, कधी बायबल विकणारा, तर कधी यंत्रांचे फोटो काढायला आलेला कारागीर. यंत्राचा फोटो काढायचा तर त्याच्या आकाराचा अंदाज यावा म्हणून शेजारी कोणीतरी उभे करायला हवे. मग तो एखाद्या मुलीला यंत्रापाशी उभी करी.

खरे अवघड काम होते ते त्यापुढचे. स्वतःच्या जाकिटाचे कोणते बटण जमिनीपासून किती उंचीवर आहे, हे त्याने मोजून ठेवले होते. मूल शेजारी उभे राहिले की डोके कितव्या बटणाला लागते ते तो पाही आणि खिशात हात घालून, न बघता, चिठ्ठीवर लिहून ठेवी. मुलाच्या घरी गेला तर कुटुंबाच्या बायबलमधली जन्मनोंद किंवा विम्याचा कागद पाही. उंची, सांगितलेले वय, किती दिवसांपासून काम, रात्रपाळी आहे का, मजुरी किती, सारे टिपणात उतरे. डिसेंबर १९०८ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या व्हिटनेल गिरणीत काढलेल्या एका फोटोखालचे टिपण प्रसिद्ध आहे. मुलीची उंची ५१ इंच, म्हणजे सव्वाचार फूट. गिरणीत एक वर्ष झालेले, कधीकधी रात्रीही काम, रोजची मजुरी ४८ सेंट. वय विचारल्यावर ती घुटमळली, आठवत नाही म्हणाली आणि मग हळूच कबूल केले की कामाचे वय झालेले नाही, तरी काम करते. पन्नास माणसांच्या त्या गिरणीत तिच्याएवढी दहा मुले होती.

एवढे बारकाईने लिहायचे कारण साधे होते. मालक म्हणत, हे फोटो बनावट आहेत. मूल दिसते तेवढे लहान नाही. बाबिनी बदलून झाल्या की पोरे उरलेला वेळ खेळतातच. नुसत्या फोटोने यातला एकही मुद्दा खोडता येत नव्हता. मूल दहाचे की चौदाचे, हे चेहऱ्यावरून दोघेजण दोन प्रकारे सांगतील. ५१ इंच आणि ४८ सेंट यांवर मात्र वाद घालायचा तर मालकाला आपले हजेरीपुस्तक उघडावे लागले असते. हाइनच्या कामाची ताकद फोटो आणि टिपण यांच्या जोडीत होती.

कमिटीने त्या फोटोंची प्रदर्शने भरवली, पत्रके छापली, काचचित्रे पडद्यावर दाखवली. हाइनने तिच्यासाठी सुमारे पाच हजार फोटो काढले. १९१६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने मुलांच्या मजुरीवर निर्बंध घालणारा कायदा केला. दोनच वर्षांत सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. टिकाऊ कायदा व्हायला १९३८ उजाडले. आणि १९४० मध्ये हाइन वारला तो दारिद्र्यात. फोटोने एका रात्रीत जग बदलले, ही गोष्ट म्हणूनच सांगायला बरी वाटली तरी खरी नाही. फोटोने प्रश्न तीस वर्षे जिवंत ठेवला, एवढे खरे.

त्याच वर्षी आपल्याकडे

१९०८ हे वर्ष मुंबईच्या गिरण्यांच्याही इतिहासात मोठे आहे. जुलैमध्ये लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. लष्कराच्या गोळीबारात माणसे मेली. त्याच वर्षी कारखान्यांतल्या मजुरांविषयीच्या मॉरिसन आयोगाचा अहवाल आला. कायदा असूनही अनेक गिरण्यांत मुलांना मोठ्यांइतकाच वेळ राबवले जाते, असे त्याने नोंदवले. त्यातून १९११चा कायदा आला: कापड गिरण्यांत मुलांना सहा तास आणि कामावर ठेवण्याआधी वयाचा व तब्येतीचा दाखला.

आणि त्याच सुमारास नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके लोणावळ्यात छपाई आणि ब्लॉक तयार करण्याचा उद्योग उभा करत होते. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि बडोद्याचे कलाभवन इथे शिकलेले, गोध्र्यात फोटो स्टुडिओ चालवलेले, पुरातत्त्व खात्यात काम केलेले फाळके हाफटोन ब्लॉकमध्ये तरबेज होते. हाफटोन म्हणजे फोटोचे बारीक ठिपक्यांत रूपांतर करून तो मजकुराबरोबर वर्तमानपत्रात छापण्याची युक्ती. हाइनचे फोटो हजारो लोकांपर्यंत पोचले ते याच युक्तीमुळे. पुढे ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटानंतर फाळके नाशिकला आले आणि १९१८ मध्ये तिथे हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. त्यांच्या कॅमेऱ्याने पौराणिक कथांशिवाय गोदावरीची दृश्ये टिपली, सिंहस्थ पर्वणी टिपली, तळेगावच्या काच कारखान्यावरही एक लघुपट केला.

तेव्हा कॅमेरा, ब्लॉक, पडदा आणि कसब, चारही गोष्टी मराठी मुलखात होत्या. नव्हता तो फोटो मागणारा. हाइनच्या पाठीशी पगार देणारी संस्था होती आणि त्या संस्थेसमोर मतदार होता, ज्याला फोटो दाखवून आमदारावर दबाव आणता येई. मुंबईतल्या गिरणीचा कायदा कलकत्त्याच्या आणि लंडनच्या दालनांत ठरत होता. तिथे बसलेल्यांना मत मागायला गिरणगावात यायचे नव्हते. त्यांना साक्ष हवी होती, तक्ते हवे होते, भित्तिपत्रक नव्हे. फोटोग्राफीच्या इतिहासात आपण भिंग आणि काचपट्टी यांना फार श्रेय देतो. माहितीपट किंवा माहितीचित्र जन्माला येते ते ज्याला जाब द्यावा लागतो असा माणूस समोर असतो तेव्हा.

कायदा मात्र पुढे सरकत राहिला. १९२२ मध्ये किमान वय बारा झाले. एकच मूल सकाळी एका गिरणीत आणि दुपारी दुसऱ्या गिरणीत काम करते, असेही उघडकीला आले होते. तेव्हा त्या दशकात अशा मुलांच्या पालकांना दंड करण्याची तरतूद आली. १९४८च्या कारखाने कायद्याने ही मर्यादा चौदावर नेली. मोठ्या गिरण्यांतून मुले जवळपास नाहीशी झाली.

गिरणी फुटली, माग घरात आला

नाहीशी झाली ती गिरणीतून, कापडाच्या धंद्यातून नव्हे. नाशिक जिल्ह्यातले मालेगाव पाहा. गाव मुंबई–आग्रा रस्त्यावरचे. १८५७ नंतर उत्तरेतून मोमीन विणकर या रस्त्याने आले आणि मोसम नदीकाठी हातमाग वाजू लागले. १९३०च्या दशकात यंत्रमाग आले. १९८२ मध्ये मुंबईत डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख गिरणी कामगारांचा संप झाला आणि तो मिटलाच नाही, तेव्हा भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागांवर कापडाचे काम आणखी वाढले. आज मालेगावात एक लाखाहून जास्त माग आहेत. गावाची सुट्टी रविवारी नसते, शुक्रवारी असते. बाकीचे दिवस गल्ल्यागल्ल्यांतून खटखट चालूच असते.

यंत्रमागाचा व्यवसाय तुकड्यातुकड्यांत विभागलेला आहे. सायझिंग, म्हणजे सुताला खळ देणे, एकीकडे; वहिफणी, म्हणजे ताण्याचे धागे ओवणे, दुसरीकडे; माग तिसऱ्याचे, सूत चौथ्याचे. जुन्या धोट्याच्या मागाला बाण्याच्या सुताच्या कांड्या सारख्या भरून लागतात. हातमागाच्या काळापासून कांड्या भरणे हे घरातल्या बायकांचे आणि मुलांचे काम. येवल्याच्या पैठणीच्या मागापाशीही मूल कांडी भरत भरतच धंदा शिके. पण आपल्या घरच्या मागाला चार कांड्या भरून देणे वेगळे, आणि दुसऱ्याच्या बारा-बारा तास चालणाऱ्या मागांना कांड्या पुरवणे वेगळे. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्हीकडे दिसते ते एकच: चाकाशी बसलेले मूल.

कायद्याची अडचण नेमकी इथे आहे. १९४८चा कारखाने कायदा लागू व्हायला यंत्रशक्ती असेल तर दहा कामगार लागत. बरेचसे शेड त्याखालचे. १९८६च्या बालकामगार कायद्याने कापड विणण्याच्या आणि त्याच्या पूर्वतयारीच्या कामात मुलांना मनाई केली, पण घरच्यांच्या मदतीने चालणारे काम सोडून दिले. २०१६च्या दुरुस्तीने चौदाखालच्या मुलांना सर्वच धंद्यांत मनाई झाली. तरी शाळेची वेळ सोडून, धोकादायक नसलेल्या घरच्या उद्योगाला हातभार लावण्याची मुभा राहिली. म्हणजे १८८१ मध्ये सगळा वाद ‘वय किती’ यावर होता. आज जन्मदाखला आहे, आधार आहे, वय बहुधा सिद्ध होते. आता वाद आहे तो ‘माग कोणाचा’ आणि ‘वेळ कोणती’ यावर.

फोटोत काय पाहावे

जुना असो वा नवा, कामावरच्या मुलाचा फोटो हाती आला तर डोळ्यांतल्या करुणेपाशी थांबू नये. आधी उंची पाहावी: यंत्राचा कोणता भाग मुलाच्या खांद्याला येतो? यंत्राची मापे ठाऊक असतात, त्यावरून मुलाचे माप निघते. मग पाय पाहावेत. अनवाणी असतील तर खाली तेल आहे की पिंज? उजेड खिडकीचा की दिव्याचा, यावरून वेळ कळते. चौकटीच्या कडेला मोठे माणूस उभे असेल तर ते कोण: बाप, जॉबर की मालक? हाइन कॅमेरा बहुधा मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवी. वरून काढलेल्या फोटोत मूल आणखी लहान आणि बिचारे दिसते. तो बिचारेपणा पुरावा नव्हे, तो छायाचित्रकाराचा आग्रह असतो. शेवटी खालचा मजकूर वाचावा, आणि तो नसेल तर फोटोवर फार भिस्त ठेवू नये.

मालेगावला कॅमेऱ्याचे वावडे मुळीच नाही. याच गावातल्या हौशी मंडळींनी ‘मालेगाव के शोले’सारखे विडंबनपट काढले, आणि तिथे सुपरमॅन झालेला नायक मागावर काम करणारा होता; फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात तो सारा खटाटोप दिसतो. स्वतःकडे पाहून हसण्यासाठी कॅमेरा हाती घेणारे गाव हे. पण कांडी भरणाऱ्या मुलाचा प्रश्न हौशीने सुटणारा नाही, आणि हाइनची रीतही इथे जशीच्या तशी चालणार नाही. २०१५च्या बालन्याय कायद्याप्रमाणे कामगार कायदे मोडून कामाला लावलेले मूल हे काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल ठरते, आणि अशा मुलाचे नाव, पत्ता, शाळा किंवा फोटो प्रसिद्ध करणे गुन्हा आहे. हाइनने जे सर्वांत ठळकपणे छापले, तेच आज झाकून ठेवावे लागते. आणि ते योग्यच आहे. हाइनच्या फोटोंतल्या मुलांना आपला चेहरा पुढे शंभर वर्षे देशभर फिरणार आहे, हे कोणी विचारले नव्हते.

मग आजच्या छायाचित्रकाराने काय करावे? चेहरा गाळला की उरते ती जोडीतली दुसरी बाजू, टिपण. माग घरचा की खर्चीवरचा (दुसऱ्याच्या सुतावर मजुरीने चालणारा), सूत कोणाचे, दिवसाला कांड्या किती, दर काय, भिंतीवरच्या घड्याळात किती वाजलेत आणि त्या वेळी जवळची शाळा भरलेली आहे का. अशा टिपणाला पाठमोरा फोटो जोडला तरी पुरतो, आणि तो कामगार निरीक्षकाकडे किंवा १०९८ या बालसेवेच्या क्रमांकावर पोचवता येतो. घरच्या उद्योगाची सूट जिथे खोटी आहे, तिथे ती चेहऱ्याने उघडी पडत नाही. सुताच्या मालकाचे नाव आणि घड्याळाचा काटा यांनी पडते.